खुर्ची बदलली, रांग तीच

स्नोबोर्डिंग हा डोंगर उतरण्याचा खेळ आहे, अशी एक अफवा आहे. ती पसरवली व्हिडिओ काढणाऱ्यांनी. त्यांच्या व्हिडिओत माणूस शिखरावरून सुटतो, हवेत गिरकी घेतो आणि बर्फाचा फवारा उडवत खाली येऊन थांबतो. तो पुन्हा वर कसा गेला, हे कोणी दाखवत नाही. अमेरिकेच्या ईशान्येला एखाद्या छोट्या डोंगरावर एक शनिवार काढा, म्हणजे खरा खेळ कळेल. उतरायला पाच मिनिटं, चढायला बारा, आणि चढण्याआधी उभं राहायला देव देईल तितकी. पायाला फळी बांधून दिवसभर आपण एकतर बसलेले असतो, नाहीतर उभे. घसरणं हे मधल्या सुट्टीत उरकायचं काम.

आमचा डोंगर व्हरमाँट राज्यात आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जायचंय. बॉस्टनहून निघालेली गर्दी मोठमोठ्या रिसॉर्टांकडे वळते. ज्यांना तिथलं तिकीट परवडत नाही किंवा ज्यांचा रस्ता चुकतो, ते आमच्याकडे येतात. आमच्याकडे एक लाकडी इमारत, तिच्यात ओल्या मोज्यांचा वास आणि टेबलांखाली घरून आणलेल्या खाण्याच्या पिशव्या. अमेरिकन माणूसही घरून डबा बांधून आणतो, हे मला या डोंगराने दाखवलं. डबे वेगवेगळे असतात, पण ते उघडल्यावर बोलायला विषय एकच: लिफ्ट. काल किती वेळा बंद पडली, आज किती हळू चाललीय, आणि मालक ती बदलणार कधी.

या चर्चेत स्कीवाले हिरिरीने बोलतात आणि स्नोबोर्डवाले गप्प असतात, कारण लिफ्ट बंद पडण्याचं निम्मं पाप आमच्या माथी असतं. स्कीवाल्याला दोन फळ्या, दोन काठ्या. तो काठ्या टेकत ऐटीत लिफ्टपाशी जातो. आमचे दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले आणि हात रिकामे. लिफ्ट जवळ आली की खाली बसून मागचा पाय सोडवायचा, त्याने जमीन ढकलायची आणि पुढच्या पायाला अडकलेली फळी फरफटवत रांगेतून सरकायचं. खुर्ची मागून येऊन गुडघ्यांवर आपटते. त्या धक्क्याने माणूस आपोआप बसतो. वर जाताना सगळी फळी एकाच घोट्याला लोंबकळते. पण खरी परीक्षा वरच्या टोकाला असते. मोकळा पाय फळीवर नुसता टेकवून, अर्धवट बांधलेल्या अवस्थेत, समोरचा उतार सरळ उतरायचा. वळायचं नाही, मध्येच थांबायचं नाही आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंचा दंड धरायचा नाही. यातला तिसरा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. कोणी आडवं झालं की बटणापाशी बसलेला लिफ्टी बटण दाबतो, दोर थांबतो आणि डोंगरभर हवेत लटकलेली माणसं एका सुरात म्हणतात, "स्नोबोर्डर असणार!" पुष्कळदा असतोही.

आमच्या बाजूने एवढंच सांगतो, की खुर्ची बेतताना आम्हांला कोणी विचारलं नव्हतं. 1908 साली जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये रॉबर्ट विंटरहाल्डर नावाच्या खानावळवाल्याने पाणचक्कीवर दोर फिरवून आपले पाहुणे डोंगरावर ओढले. पाहुण्यांना चढायचा कंटाळा आणि चक्की आयतीच दारात. 1934 साली आमच्याच व्हरमाँटमध्ये वुडस्टॉक गावी एका शेतकऱ्याच्या कुरणात फोर्ड मॉडेल टी गाडीच्या इंजिनावर दोर फिरायला लागला. अमेरिकेतला तो पहिला. धावता दोर हातांनी धरायचा. दोर वर जायचा, हातमोजे संपायचे आणि कुरणातल्या गाई बघत असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

मग 1936 साली युनियन पॅसिफिक रेल्वेने आयडाहोतल्या सन व्हॅलीला पहिली चेअरलिफ्ट उभारली. तिचा जनक जेम्स करन हा रेल्वेचा अभियंता. त्याने पूर्वी गरम देशांतल्या बंदरांवर केळ्यांचे घड जहाजात चढवणारी यंत्रं केली होती: फिरता दोर, त्याला आकडे, आकड्यांना घड. करनने आकडे काढले आणि खुर्च्या लावल्या. चाचणी ओमाहा शहरात घ्यायची होती आणि तिथे बर्फ नव्हता. म्हणून ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधली, एका माणसाला रोलर स्केट घालून उभं केलं आणि मागून ट्रक आणला. किती वेगाने आणला तर माणूस बसतो आणि किती वेगाने आणला तर झोपतो, हे त्यातून ठरलं. माणसात आणि केळ्यांत एक फरक मात्र राहून गेला. केळ्यांना वर पोचल्यावर स्वतःच्या पायाने उतरावं लागत नाही.

स्नोबोर्ड यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी आला. 1965 साली मिशिगनमध्ये शर्मन पॉपन यांनी मुलींना घराबाहेर खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या, तिथून हे सुरू झालं. 1977 साली जेक बर्टन कारपेंटर यांनी व्हरमाँटच्या लंडनडेरीत फळ्या बनवायचा धंदा काढला. पण फळी विकत घेणारा ती घेऊन जाणार कुठे? डोंगरवाले लिफ्टवर चढूच देत नसत. मोठ्या रिसॉर्टांपैकी स्ट्रॅटनने 1983 साली पहिल्यांदा दार उघडलं. तोवर आमचे पूर्वज फळ्या खांद्यावर टाकून पायी डोंगर चढले. त्या पिढीत रांगेची तक्रार कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

जुन्या लिफ्टची चव घ्यायची तर आमच्याकडे लहान उतारावर अजून एक टी-बार आहे. वारा सुटून मोठी लिफ्ट बंद झाली, तरी ही जमिनीलगतची चालू असते. वरच्या दोरापासून उलटा टी लोंबतो. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, आडवा दांडा पार्श्वभागाला टेकवायचा आणि तो ढकलेल तसं बर्फावरून वर सरकत जायचं. गेल्या हिवाळ्यात माझे साडू पुण्याहून आले. पाटबंधारे खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी भाड्याने स्की घेतल्या. माझी फळी बघून म्हणाले, "तुम्हांला एकच दिली? भाडं निम्मं लागलं असेल."

टी-बारला आम्ही जोडीने उभे राहिलो. इथे एक पेच असतो. माझा डावा पाय पुढे, त्यामुळे छाती कायम उजवीकडे. मी दांड्याच्या डाव्या बाजूला राहिलो तर साडूंकडे तोंड होतं, उजव्या बाजूला राहिलो तर पाठ. बायकोच्या बहिणीच्या यजमानांकडे पाठ करून डोंगर चढणं बरं दिसत नाही, म्हणून मी डावी बाजू घेतली. मग सगळा वेळ एका हाताच्या अंतरावरून आम्ही एकमेकांच्या नाकाकडे बघत होतो.

"यावर बसायचं ना?" साडूंनी विचारलं.

"अजिबात नाही. नुसतं टेकायचं. भार दिला की खाली जाईल."

"मग याला दांडा कशाला केलाय?" असं म्हणून ते बसले. टी-बारच्या वर स्प्रिंग असते. ती नम्रपणे लांब होत गेली आणि साडू तितक्याच नम्रपणे बर्फाला लागले. त्यांनी आधार म्हणून माझं जाकीट धरलं. दांडा एकटाच वर गेला.

"आता काय करायचं?"

"सरका! मागून दुसरा येतोय!"

"सरकू कसा? हे पायातलं वळत नाही."

मागच्या दांड्यावर दोन शाळकरी मुली होत्या. त्या आम्हांला वळसा घालून गेल्या. जाता जाता एकीने "आर यू ओके?" असं विचारलं, त्यात काळजी कमी आणि शिकवणी जास्त होती. साडूंनी बर्फात बसल्या बसल्या तिला हात केला आणि मला म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. वापरणारा चुकतो." सरकारी अहवालात अपघाताचं कारण कसं लिहितात, ते मला तेव्हा समजलं.

आमच्या डोंगराची मुख्य लिफ्ट मात्र वर्षानुवर्षं दोघांच्या खुर्चीची होती. ती इतकी हळू होती, की तिच्यावर ओळखी व्हायच्या. बारा मिनिटं, दोन माणसं, खाली झाडांचे शेंडे आणि उठून जाता येत नाही. संभाषणाचा क्रम ठरलेला: आधी हवामान, मग गुडघा, मग लिफ्टला शिव्या. अमेरिकेत अनोळखी माणसाला पगार विचारत नाहीत. पण गुडघ्यातला कुठला अस्थिबंध कुठल्या साली तुटला आणि विमा कंपनीने किती पैसे नाकारले, हे समोरचा आपण न विचारता सांगतो. त्या खुर्चीवर मी गावातले दोन घटस्फोट त्यांच्या बातम्या होण्याआधी ऐकले. एका सुताराने चौथ्या खांबापाशी मला आमच्या छपराचा अंदाज दिला आणि नवव्या खांबापर्यंत त्यात वाढ केली.

या लिफ्टला नावं ठेवली नाहीत असा माणूस डोंगरावर नव्हता. म्हणून मालकांनी एका वसंतात ती बदलायचं ठरवलं, तेव्हा आनंदीआनंद होईल अशी त्यांची कल्पना होती. व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव सभा भरते आणि रस्त्याच्या खडीपासून शाळेच्या अंदाजपत्रकापर्यंत सगळ्यावर लोक उभे राहून बोलतात. अशा राज्यात लिफ्ट मुकाट्याने बदलत नाही. लाकडी इमारतीत बैठक झाली. गेली वीस वर्षं जे तिला शिव्या देत होते, तेच एकेक करून उठले आणि गहिवरले. एकाचं लग्न त्या खुर्चीवर ठरलं होतं. दुसऱ्याचं मोडलं होतं, आणि त्याला ते अधिक मोलाचं वाटत होतं. एक आजी म्हणाल्या, "वेगाने वर जाऊन करायचं काय? लगेच खालीच यायचं ना?" या प्रश्नाला डोंगरावर आजवर कोणाला उत्तर सापडलेलं नाही.

ही माया फक्त आमच्या गावाची नव्हे. व्हरमाँटमध्येच मॅड रिव्हर ग्लेन नावाचा डोंगर आहे. 1995 पासून तो सहकारी तत्त्वावर चालतो. येणारे लोकच भागधारक. सहकार म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारतात, पण तिथे अध्यक्षपदासाठी पॅनेल पडल्याचं मी वाचलेलं नाही. तिथली प्रसिद्ध लिफ्ट 1948 सालची आणि एकट्याची. खुर्चीत एकच माणूस बसतो. लिफ्ट म्हातारी झाली, 2007 साली तिचं नूतनीकरण करायची वेळ आली. तेव्हा खांब, दोर, खुर्च्या सगळ्याला हात लागला आणि पुन्हा लिफ्ट झाली ती एकट्याचीच. जग चौघांच्या, सहांच्या खुर्च्या लावत असताना या लोकांनी एकटेपणाची डागडुजी करून घेतली. आणि अमेरिकेत स्नोबोर्डला बंदी असलेली जी तीन ठिकाणं उरली आहेत, त्यांतलं हे एक. त्यामुळे तिथे लिफ्ट थांबली की "स्नोबोर्डर असणार" म्हणायची सोय नाही. शिव्या कोणाला देत असतील, देव जाणे.

शेवटी आमच्याकडे तोडगा निघाला तो गरिबाचा: जुनी लिफ्ट घ्यायची. मोठी रिसॉर्टं वेगवान लिफ्ट आणतात तेव्हा त्यांची आधीची चांगली धडधाकट लिफ्ट निघते, आणि छोटे डोंगर ती घेतात. घेणं सोपं असतं. उभी करणं हा वेगळा विषय. पाये खणायचे, खांब आणून उभे करायचे, वीज जोडायची, दोर ओढायचा, भार लावून तपासणी करून घ्यायची, आणि हे सारं बर्फ नसलेल्या मोजक्या महिन्यांत. उदाहरणार्थ, लंडनडेरीचा मॅजिक माउंटन हा डोंगर हान्स थॉर्नर या स्विस गृहस्थांनी 1960 साली सुरू केला, 1991 साली तो बंद पडला, 1997 साली पुन्हा उघडला. शेजारच्या स्ट्रॅटनची चौघांची लिफ्ट मॅजिकवाल्यांनी 2018 साली घेतली. ती माणसं घेऊन फिरायला 2024 उजाडलं. मध्ये जगावर एक महासाथ येऊन गेली आणि तरी तो डोंगर टिकला, याचं कौतुक इथल्या लोकांना लिफ्टपेक्षा जास्त आहे. न्यू इंग्लंडच्या जंगलांत गंजलेले खांब उभे असलेले, कायमचे बंद झालेले डोंगर शेकड्यांनी आहेत. त्यामुळे लिफ्ट उशिरा आली तर इथे चालतं. ती येणार असते, यावर दिवस काढता येतात.

आमचीही आली. चौघांची खुर्ची, पण वेग जुनाच, कारण खुर्ची दोराला पक्की आवळलेली असते आणि दोर जोरात फिरवला तर बसणाऱ्याला ती चाबकासारखी लागेल. तरी एका खेपेला दोघांऐवजी चौघं जाऊ लागल्यावर पहिल्या हिवाळ्यात रांग दिसेनाशी झाली. दुसऱ्या हिवाळ्यात ही बातमी बॉस्टनला पोचली. जुन्या खुर्च्या विकायला काढल्या तेव्हा दारात उभ्या राहिलेल्या गर्दीत बैठकीतले सगळे गहिवरलेले होते, आणि त्यांची रांग आम्ही लिफ्टवर कधी पाहिली नव्हती इतकी लांब होती. आता अर्ध्या गावाच्या ओट्यावर त्या खुर्च्यांचे झोपाळे आहेत.

आणि आता एक्सप्रेस लिफ्टची कुजबुज आहे. तिची करामत अशी, की स्थानकात शिरताच खुर्ची दोराची पकड सोडते, वेगळ्या रुळावर गोगलगाईच्या गतीने सरकते, तुम्ही सावकाश बसता, आणि मग ती पुन्हा धावत्या दोराला चिकटते. दोर सेकंदाला पाच मीटर, म्हणजे आमच्या लिफ्टच्या दुप्पट वेगाने. बारा मिनिटांची सहा होणार. लाकडी इमारतीत या बातमीने इतका उत्साह आला, की लोकांनी एक्सप्रेस यायच्या आत जुन्या लिफ्टच्या आठवणी काढायला सुरुवात केली.

साडू कोपऱ्यात कॉफी पीत ऐकत होते. त्यांनी कागदी नॅपकिन पुढे ओढला आणि खिशातून पेन काढलं. निवृत्त माणूस परदेशात बर्फावर जातानाही पेन बाळगतो.

"दर सहा सेकंदांनी एक खुर्ची, चार माणसं. तासाला 2400. बरोबर?"

"बरोबर."

"एक्सप्रेसची किती?"

"साधारण तितकीच. माणसांना बसायला सहा सेकंद लागतातच."

"मग झालं तर! शनिवारी डोंगरावर 800 माणसं धरा. तासाला 2400 वर जातात, म्हणजे प्रत्येकाची पाळी वीस मिनिटांनी. आज बारा मिनिटं खुर्चीत, पाच उतरायला, तीन रांगेत. उद्या सहा खुर्चीत, पाच उतरायला, आणि उरलेली नऊ?"

मी नॅपकिनकडे बघत राहिलो.

"रांगेत," साडू म्हणाले. "कालव्यात पाणी जोरात सोडलं म्हणून विसर्ग वाढत नाही हो, दरवाजा तेवढाच असला तर. आज तुम्ही वाट बघता बसून, निसर्ग बघत. उद्या तीच वाट बघाल उभ्याने, पुढच्याच्या पाठीकडे बघत. त्यासाठी हे लोक लाखो डॉलर खर्च करणार?"

"अहो, पण गर्दी नसेल तेव्हा फायदा होईल ना?"

"होईल की! मंगळवारी होईल." मग त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "मंगळवारी कोण येतं?"

हा हिशेब मला इतका आवडला, की डोंगराच्या व्यवस्थापकांना मी तो नॅपकिन दाखवला. ते गेली तीस वर्षं या धंद्यात आहेत. त्यांनी तो उलटसुलट करून नीट वाचला, मान हलवली आणि गणित बरोबर असल्याचं कबूल केलं.

"मग एक्सप्रेस कशाला आणताय?" मी विचारलं.

"असं आहे," ते म्हणाले, "लिफ्ट हळू असली तर लोक मला शिव्या देतात. रांग लांब असली तर एकमेकांना."